जुन्या सीडीतला डाटा निघत नाहीये, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, बाबांच्या कपाटात सीडींचा गठ्ठा सापडलाय, २००३ ते २००६ मधल्या ७०० एमबीवाल्या सीडी-आर. त्यात बाबांचे श्रीलिपीत (स्वतःच्या वेगळ्या फाँटवर चालणारं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर) टाईप केलेले लेख आणि आत्याच्या लग्नाचे फोटो, दुसरीकडे कुठेच कॉपी नाही. यूएसबीवाला डीव्हीडी रायटर आणला, बऱ्याचशा सीडी निमूट कॉपी झाल्या, दोन मात्र छळतायत.

पहिलीत विंडोजला जेमतेम ५० एमबी दिसतंय, पण सीडी उलटी करून उजेडात तिरकी धरली तर बर्न झालेला भाग पार कडेपर्यंत गेलाय आणि त्यात बारीक रेषांनी वेगळे झालेले तीन पट्टे दिसतात, मग बाकीचं गेलं कुठे?

दुसरीत फाइलींची नावं दिसतात पण शेवटचे फोटो कॉपी करताना ड्राइव्ह घरघरत बसतो आणि सायक्लिक रिडंडन्सी चेकचा (म्हणजे डाटा नीट वाचता आला नाही असा) एरर येतो. खालून ओरखडा नाही. वर कागदी स्टिकर आहे, त्याची कड सुटलीये आणि तिथे टाचणीच्या टोकाएवढी भोकं आरपार दिसतात. स्टिकर काढू का? यूट्यूबवर टूथपेस्ट घासा म्हणतात, मला तरी पटत नाहीये.

प्रतिसाद: स्टिकरला अजिबात हात लावू नका!! खालून १.२ मिमी प्लॅस्टिक असतं, पण डाटा ज्यात लिहिला जातो तो डाय (रंगाचा थर) आणि चकाकणारा थर वर लेबललगत असतो, त्यावर नुसता लॅकरचा पातळ लेप, स्टिकर ओढला की सगळंच सोलून येईल. टूथपेस्ट खालच्या ओरखड्यांसाठी, इथे उपयोग शून्य. भोकांच्या जागचं गेलं समजा. बाकीच्यासाठी लिनक्सवर डीडीरेस्क्यूने (खराब डिस्कमधला वाचता येईल तेवढा डाटा काढणारा प्रोग्रॅम) इमेज, म्हणजे अख्ख्या सीडीची एका फाइलीत नक्कल काढा, ब्लॉक साईझ २०४८, आणि मॅप फाइल (काय वाचलं, काय राहिलं याची नोंद) नक्की द्या म्हणजे राहिलेलं दुसऱ्या ड्राइव्हवर तिथूनच पुढे वाचता येतं. ड्राइव्ह बदलून बघाच, एकाला न जमलेली सीडी दुसरा वाचतो कधीकधी.

पहिलीचं सोपंय, मल्टिसेशन आहे, म्हणजे वेगवेगळ्या वेळी टप्प्याटप्प्याने लिहिलेली, एकेक टप्पा म्हणजे एक सेशन. नवीन सेशन लिहिताना जुनं इम्पोर्ट केलं नाही की विंडोजला शेवटचंच दिसतं, आधीच्या फाइली जागच्या जागी असतात, सीडी-आरवरचं पुसता थोडंच येतं! आयसोबस्टरमध्ये (सीडीवरची सगळी सेशन दाखवणारा प्रोग्रॅम) उघडा.

धागाकर्ता: दादा, तिन्ही सेशन दिसली, लेख पहिल्यात होते! फोटोंची इमेज चालू आहे, रात्रभर ठेवतो. पण लेख उघडले तर नुसती इंग्रजी अक्षरं आणि चित्रविचित्र चिन्हं, श्रीलिपीचं युनिकोड (आता सगळीकडे चालणारी मराठी अक्षरं) करायला तुम्ही लोक काय वापरता?