मदत हवी आहे: जुन्या वाड्यात वायरलेस स्मोक डिटेक्टर

नमस्कार मंडळी. जुन्या नाशकात आमचा दोन मजली वाडा आहे. तुळया, जिना, माडीची जमीन, सगळं सागवानी. आई-बाबा खाली झोपतात आणि बाबांना ऐकू कमी येतं, म्हणून धूर झाला की वाजणारे, बॅटरीवर चालणारे वाय-फाय डिटेक्टर आणलेत. आता दोन ठिकाणी अडलंय.

डिटेक्टर वाय-फायच्या फक्त २.४ गिगाहर्ट्झ बँडवर चालतो आणि आमच्या राउटरवर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या दोन्ही बँडच्या नेटवर्कचं नाव एकच आहे. बटण दाबून धरलं की दिवा लुकलुकतो, पण ॲपमध्ये जोडणी होत नाही. दोन्हींची नावं वेगळी केली तर काम होईल का? मातीच्या जाड भिंतींतून माडीवर रेंज पोचेल का?

दुसरं, जागा. धूर वर चढतो म्हणून छतालाच लावायचा, हे कळतं. पण तुळईच्या बुडाला लावू की दोन तुळयांमधल्या खणात? देवघरात रोज धूप असतो, तिथून किती लांब ठेवू?

शिवाय वीज गेली की राउटर बंद. डिटेक्टर जागेवर वाजेल, पण माडीवरचा आवाज बाबांपर्यंत जाणार नाही. एक वाजला की इंटरनेटशिवाय सगळे वाजतात, असे रेडिओने जोडलेले डिटेक्टर नाशकात कुणी बसवलेत का? अनुभव जरूर सांगा.