हाय-लोसोबत एक्क्यांची वेगळी मोजणी: इन्शुरन्सला मिळवायचे की वजा करायचे?

पिसलेला_कॅट
ब्लॅकजॅक, सहा कॅटचा शू (पानं वाटायचा डबा), पानं मोजायची हाय-लो पद्धत. दुर्री ते छक्की +१, सत्ती ते नव्वी शून्य, दश्शी, चित्रं आणि एक्का −१. रनिंग काउंट (बाहेर पडलेल्या पानांची चालू बेरीज) आणि ट्रू काउंट (ती बेरीज भागिले उरलेले कॅट) पक्के बसलेत, म्हणून आता एक्के वेगळे मोजायला घेतले. उरलेल्या पानांत एक्के जादा असतील तर तेवढे रनिंग काउंटमध्ये मिळवतो, बेट लावतानाही आणि इन्शुरन्सलाही (डीलरचं उघडं पान एक्का असताना लावायची जोडपैज). ट्रू +३ ला इन्शुरन्स घेतो. सरावात तो सारखा बुडतोय. चुकतंय कुठे?

दश्शी_गुलाम
दोन्हीकडे मिळवताय, तिथेच घोळ आहे. हाय-लोनं एक्का आधीच −१ धरलाय. बेटच्या वेळी पुन्हा मिळवलात तर तोच एक्का दोनदा मोजला जातो, तेव्हा तिथे हात लावू नका. इन्शुरन्सला मात्र वजा करायचे. डीलरचं झाकलेलं पान दहाच्या किमतीचं आहे का, एवढीच ती पैज. तिच्यात एक्का दुर्रीइतकाच निकामी.

दोन कॅट उरलेत, म्हणजे १०४ पानं. त्यांत एक्के ८ असायला हवेत, पण डीलरच्या समोरचा धरून बाहेर १२च आलेत. म्हणजे आत १२, जादा ४. रनिंग +८, ट्रू +४, हाय-लो म्हणणार घ्या. आता आत डोकवा: मधली (सत्ती ते नव्वी) २४ धरली तर मोठी ४४, छोटी ३६. मोठ्यांतून १२ एक्के काढले की दहाची उरली ३२. १०४ पैकी ३२ म्हणजे ३०.८ टक्के, अगदी नव्या कॅटइतकीच! दोनास एक देणाऱ्या पैजेला ३३.३ टक्के लागतात. शंभर रुपयांमागे ७.७ रुपये गेले. वजाबाकी करा: ८ − ४ = ४, भागिले २, ट्रू +२. नको.

उलट बाजू: तेवढीच पानं, आत एक्के फक्त ४, रनिंग +४. साधा ट्रू +२ म्हणून तुम्ही सोडाल. पण मोठी ४२, त्यातून ४ एक्के गेले, दहाची ३८, म्हणजे ३६.५ टक्के. इथे शंभरामागे ९.६ रुपये फायदा सोडताय.

पिसलेला_कॅट
बेरीज आजपासून बंद. मग बाकीच्या निर्णयांनाही सरसकट वजाच करायचे का?

सत्तीवाला
सरसकट नाही. तुमच्या बेरजेवर एक्का पडला तर काय होतं, ते बघा. ११ डबल करताना (पैज दुप्पट करून एकच पान घेताना) एक्का आला की १२ होऊन बसतात, म्हणून वजा करा. १० डबल करताना एक्क्यानं २१ होतात, तिथे हाय-लो जसा आहे तसाच वापरा.

खरी गंमत १६ समोर १० ला आहे, म्हणजे तुमचे १६ आणि डीलरचं उघडं पान १०. पंजीनं २१, छक्कीनं बस्ट (२१ च्या वर गेलात, हरलात), आणि हाय-लो दोघींना +१ देतो! इथे एक्क्यांपेक्षा पंज्यांची मोजणी जास्त कामाची. १४ समोर १० ला सगळं सत्तीवर, कारण २१ तिच्यानंच होतात आणि हाय-लोत ती शून्य. एका कॅटच्या खेळात हातात ७-७ आणि समोर १० असेल तर बेसिक स्ट्रॅटेजीच (न मोजता खेळायचा ठरलेला तक्ता) थांबा म्हणते, कारण चारातल्या दोन सत्त्या तुमच्याच हातात असतात. सहा कॅटमध्ये मात्र सत्त्या मोजत बसण्यात अर्थ नाही.

मांडवीकाठ
हिशेब बरोबर, पण टाकलेल्या पानांचा ढीग बघून उरलेले कॅट अर्ध्यापर्यंत अचूक सांगता येतात का? अर्ध्या कॅटला दोन एक्के. तिथे चुकलात की जादा एक्के दोनानं चुकले, आणि दोन कॅट उरले असताना ट्रू एकानं सरकला. मग न मोजलेलंच बरं. इन्शुरन्सचाच ध्यास असेल तर हाय-ऑप्ट टू ही मोजणीची दुसरी पद्धत शिका: इन्शुरन्सशी तिचा मेळ ०.९१, हाय-लोचा ०.७६ (पूर्ण मेळ म्हणजे १). मात्र तिच्यात एक्का शून्य, त्यामुळे बेटसाठी दर जादा एक्क्याला रनिंगमध्ये २ मिळवावे लागतात.

एक्के डोक्यात ठेवू नका, रनिंग काउंटमध्ये मिसळतात. मांडीवरच्या हाताची पेरं वापरा: चार बोटं, प्रत्येकी तीन पेरं, अंगठ्यानं पुढे सरकायचं. दोन फेऱ्यांत २४, सहा कॅटचे एक्के बरोबर संपतात. फोन चुकूनही काढू नका. अमेरिकेतल्या नेवाडात मनात मोजणं कायदेशीर, यंत्रानं मोजणं गुन्हा.

आणि गोव्यात कॅसिनोच्या बोटीवर बसण्याआधी शू बघा. वापरलेली पानं डाव संपताच परत पिसायच्या मशीनमध्ये जात असतील तर एक्के काय, हाय-लोसुद्धा तिथे चालत नाही.