बर्डीवरची एक इमारत आणि तिचे भाडेकरू: आपले अनुभव लिहा

नागपूरच्या बर्डीवरच्या, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारातल्या, दुकानाचा पत्ता सांगताना आपण पुष्कळदा उठून गेलेल्या दुकानाचेच नाव घेतो. मेन रोडवरच्या आपल्या ओळखीच्या इमारतीत एकामागून एक कोण आले आणि का गेले, ते सविस्तर लिहावे. सुरुवात मी करते.

माझ्या वडिलांचे शिवणाचे दुकान तळमजल्यावर होते. त्याला शटर नव्हते. उंबऱ्याच्या खाचेत सरकवायच्या अकरा फळ्या होत्या आणि प्रत्येकीवर आकडा घातलेला होता, कारण पावसात फुगून आणि उन्हात सुकून प्रत्येक फळी केवळ आपल्याच जागी बसत असे. सातवी आणि आठवी बदलली गेली, तर रात्री नऊ वाजता सगळ्या पुन्हा काढाव्या लागत. विदर्भात तेव्हा १९४९ चा मध्य प्रांत व वऱ्हाडचा घरभाडे नियंत्रण आदेश लागू होता आणि भाडे नियंत्रकाच्या परवानगीवाचून मालकाला जागा सोडण्याची नोटीस देता येत नसे, म्हणून वडील तिथे निर्धास्त होते. अखेर त्यांना मालकाने नव्हे, तयार कपड्यांनी उठवले.

*

मी निवृत्त बँक कर्मचारी आहे. आमची शाखा अशाच एका इमारतीत जुन्या भाड्यावर होती. ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा लागू झाला आणि बँका, तसेच एक कोटी किंवा त्याहून अधिक भरणा झालेले भांडवल असलेल्या कंपन्या, त्याच्या संरक्षणातून वगळल्या गेल्या. मालकांनी बाजारभावाने भाडे मागितले आणि शाखा हलली. तिजोरीच्या खोलीचे पोलादी दार मात्र भिंत फोडल्याशिवाय निघेना, म्हणून ते तिथेच राहिले. पुढे आलेल्या साड्यांच्या दुकानाने त्या खोलीत शालूंचे गठ्ठे ठेवले. (आमच्या काळातही आत याहून फार मौल्यवान काही नसे.)

*

आमच्याकडे जिन्याखाली आधी घड्याळदुरुस्ती, मग एसटीडी बूथ, मग मोबाइलची कव्हरे. आता तिथे विजेचे मीटर आहेत.

*

मालकाच्या बाजूनेही कोणी लिहायला हवे. जुन्या भाड्यातून आमचा दरवर्षीचा चुनासुद्धा होत नसे. आता तिन्ही गाळे एकत्र करून एकाच शोरूमला दिले आहेत आणि दर्शनी बाजूला वरपर्यंत पत्र्याचे आवरण बसले आहे. त्यामागे आजोबांच्या वेळची लाकडी गॅलरी तशीच आहे आणि तिथे कबुतरांखेरीज कोणाला जाता येत नाही. आवरणाविषयी माझी तक्रार नाही. पण शोरूमवाल्यांना मधला खांब अडतो आणि तो काढून हवा आहे. वरचे दोन मजले त्याच खांबावर उभे आहेत, असे मी त्यांना आतापर्यंत दोनदा लेखी कळवले आहे.