अळ्यांवरून मृत्यूची वेळ खरंच कळते का?

रोहन सिडको
मंडळी एक शंका. आमच्या अभ्यासिकेत एकजण पीएसआयची तयारी करतोय, तो काल छातीठोकपणे सांगत होता की प्रेतावरच्या अळ्या बघून माणूस कधी गेला ते अगदी तासापर्यंत सांगता येतं. मला तर थाप वाटली. पोस्टमॉर्टेम असताना किडे कशाला लागतात? (जेवताना वाचू नका 😅)

मायक्रोस्कोपवाली
थाप नाही, पण तासापर्यंत वगैरे पण नाही हं. अंग गार पडणं, ताठरणं यावरून पहिले दोनेक दिवस अंदाज बांधता येतो, नंतर ते अवघड होत जातं आणि तिथे माश्या कामाला येतात. मटणाच्या दुकानात ती निळी-हिरवी चकाकणारी माशी असते ना, ती उघड्यावरच्या प्रेतावर बऱ्याचदा काही मिनिटांतच पोचते, डोळे नाक तोंड जखम अशा ओलसर जागी अंडी घालते. मग अळी, ती दोनदा कात टाकते, मग कोष. अळीच्या मागच्या टोकाला श्वासाच्या बारीक फटी असतात, दुसऱ्या अवस्थेत दोन आणि तिसरीत तीन, त्या मायक्रोस्कोपखाली मोजायच्या, म्हणजे अळी कुठल्या अवस्थेत आहे आणि त्यावरून तिचं वय साधारण किती ते कळतं. काही अळ्या गरम पाण्यात मारून अल्कोहोलमध्ये ठेवतात, काही जिवंत नेऊन कलेजीवर वाढवतात कारण माशी बाहेर पडली की जात ओळखणं सोपं जातं.

निफाडचा बागायतदार
ताई बरोबर, पण खरी गोम तापमानात आहे. आमच्याकडे थंडीत पारा ५-६ अंशांवर येतो आणि मे महिन्यात चाळिशीला टेकतो, मग तीच अळी उन्हाळ्यात झपाझप वाढणार आणि थंडीत अडून बसणार. बागेत किडीची पुढची पिढी कधी येईल तो हिशोब पण असाच डिग्री-डे (म्हणजे किडीला रोज मिळालेल्या उष्णतेची बेरीज) धरून करतात. तिथल्या तापमानाचा अंदाजच नसेल तर नुसती अळी घेऊन काय करणार?

रोहन सिडको
भारी! पण कोर्टात चालतं का हे? आणि प्रेत पोत्यात बांधलं असेल तर?

मायक्रोस्कोपवाली
चालतं की. १९३५ ची बक रक्स्टन केस वाच, मूळचा मुंबईचा पारशी डॉक्टर, इंग्लंडमध्ये प्रॅक्टिस करायचा. बायकोला आणि मुलांच्या आयाला मारून तुकडे स्कॉटलंडमध्ये एका ओढ्यात टाकले. अळ्यांचं वय १२ ते १४ दिवस निघालं, ते दोघी गायब झाल्या त्या तारखेशी जुळलं. अर्थात बाकी पुरावेही होते, १९३६ मध्ये फाशी झाली.
पोत्याचं म्हणशील तर माशीला आत शिरायला उशीर होतो, रात्री पण ती सहसा अंडी घालत नाही. म्हणून रिपोर्टमध्ये "किमान इतके दिवस" असंच लिहितात, त्याआधी किती वेळ गेला ते अळीला विचारून कळत नाही.