भंडारदऱ्याला कॅनू आणि तंबू, घरच्यांसोबत पहिल्यांदाच

गंगापूररोडकर
नमस्कार मंडळी. डिसेंबरात आम्ही दोघं, सात वर्षांची मुलगी आणि माझी आई असे भंडारदऱ्याला पाण्याकाठी तंबूत राहायचं म्हणतोय. धरणाजवळच्या शेंडी गावातल्या ओळखीच्या माणसाकडे कॅनू (वल्ह्याने चालवायच्या अरुंद, लांबट होड्या) आहेत, तो सोबत असेल. आम्ही आजवर फक्त गंगापूर धरणावर मोटरबोटीत बसलोय. आईला पोहता येत नाही आणि सगळ्यात जास्त उत्साह तिलाच आहे. घरच्यांना घेऊन कुणी असा मुक्काम केला असेल तर तुमची पहिली वेळ कशी गेली ते सांगा. सामानाची यादी नको, ती कुठेही मिळते.

सिडकोची_मीनल
आईंना नक्की न्या. आमच्याबरोबर सासूबाई होत्या. त्यांचं माहेर अकोले तालुक्यातलं, लहानपणी शेंडीहून लाँचने रतनवाडीला अमृतेश्वराच्या दर्शनाला जायच्या. त्यांना आम्ही कॅनूच्या मधोमध, फळीवर न बसवता तळाशी सतरंजीची घडी टाकून बसवलं. वजन खाली राहिलं की कॅनू कमी डुलते आणि निम्मी धास्ती तिथेच जाते. लाइफ जॅकेटचे पट्टे काठावरच आवळा, मग खांद्याला धरून वर ओढून बघा. हनुवटीपर्यंत सरकलं तर सैल आहे. साडीवर ते नीट बसायला वेळ लागतो, घाई करू नका.

पुढे मुलगा, मागे नवरा. दिशा मागचा सांभाळतो, पुढच्याने ठेका धरायचा. मुलगा "हो" म्हणायचा आणि दोघांची वल्ही एकदम पाण्यात पडायची. मुलांना खरं काम द्या, नुसतं बसवून नेऊ नका. मी सामानाच्या कॅनूत, शेंडीच्या भाऊंबरोबर.

सकाळी लवकर निघालो तेव्हा पाणी अगदी सपाट होतं. सासूबाई रतनगडाकडे हात करून नातवाला सांगत होत्या, "त्या डोंगरातनं प्रवरा निघते बघ. आपण तिच्याच पाण्यावर आहोत." हे त्याला भूगोलाच्या पुस्तकातून कधी कळलं नसतं. दुपारी वारा उठला आणि लाटा आडव्या लागायला लागल्या, पण भाऊंनी पहिल्यापासून काठाकाठानेच नेलं होतं. मी तुम्हाला एकच गोष्ट आग्रहाने सांगेन, काठ सोडू नका. पलीकडचा किनारा दिसतो जवळ, पण असतो लांब.

रात्री टिटवी ओरडली की मुलगा दचकायचा. "टिटवी आहे रे, झोप," एवढंच सासूबाई म्हणायच्या आणि तो झोपायचा. दव इतकं पडतं की पहाटे तंबूच्या आतून थेंब गळतात, अंथरूण कडेला टेकू देऊ नका.

घरी आल्यावर पोराने दत्तू भोकनळचे व्हिडिओ शोधून काढले. आपल्या चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा, 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये सिंगल स्कल्समध्ये, म्हणजे एकट्याने दोन वल्ह्यांनी मारायच्या रोइंगच्या शर्यतीत, 13वा. "तो पाठ करून का जातो, आपण तर पुढे बघत होतो?" हा त्याचा पहिला प्रश्न! रोइंगमध्ये पाठ पुढे असते आणि कॅनूत तोंड, हे मलाही तेव्हाच नीट उमगलं.

घोटीकर
मीनलताई, छान लिहिलंत. थोडी भर घालतो. रतनवाडीकडचा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. तंबू कुठे लावायचा, चूल पेटवायची की नाही, हे वनखात्याच्या नाक्यावर आधी विचारा. बोट पाण्यात घालायची परवानगी वेगळी, ती शेंडीच्या माणसाकडून पक्की करून घ्या. आणि डिसेंबरच बरा. मेअखेरीला काजव्यांसाठी एवढी गर्दी होते की लहान मुलांना घेऊन जायला नको वाटतं.

गंगापूररोडकर
ताई, दादा, मनापासून आभार. आईला वाचून दाखवलं, तिने आत्ताच सतरंजी काढून ठेवली! काठावर गाळ फार असतो म्हणतात, आईला उतरवायचं कसं?

सिडकोची_मीनल
हो, आवर्तन सुटलं, म्हणजे धरणातून शेतीला पाणी सोडलं, की पाणी मागे सरतं आणि काठाला चिकट गाळ उघडा पडतो. कॅनू गाळात न घालता खडकाळ जागा बघून काठाला समांतर लावा. एकाने घोटाभर पाण्यात उभं राहून ती धरायची आणि आईंनी दोन्ही हात दोन्ही कडांवर ठेवून उठायचं, कुणाचा हात धरून नाही. सासूबाई तशाच उतरल्या. रात्री कॅनू बरीच वर ओढून झाडाला बांधा. आणि आईंना पायात पट्ट्याचे सँडल द्या, चपला गाळात राहतात.