खारवलेल्या मासळीचा धंदा मलय माणसाला जमत नाही, हे मला मान्य नाही

क्वालालंपूरकर :
काल इथे एका सदस्यांनी लिहिले की, सरकारने इतक्या सवलती देऊनही मलय लोकांना खाऱ्या मासळीचा साधा धंदा धड करता येत नाही, कारण त्यांना कष्टांची सवयच नाही. ते वाचून राहवले नाही. मी चार वर्षे मलेशियाच्या केलांतान राज्यात राहिले. शेजारच्या माकचिक, म्हणजे आपल्याकडच्या मावशीच, बोटी लागण्याआधी धक्क्यावर हजर असत. ढोम्याच्या जातीची गेलामा मासळी चिरायची, आतडी काढायची, रात्रभर मिठाच्या पिंपात ठेवायची, सकाळी धुऊन बांबूच्या मांडवावर पसरायची आणि दुपारभर एकेक मासा उलटत राहायचे. वाळल्यावर वजन निम्म्याहून कमी भरते, त्यामुळे ताजी मासळी किलोमागे एक रिंगिटने (मलेशियाचे चलन) महागली, तर सुकी दोनहून अधिक रिंगिटांनी महाग पडते, आणि गिऱ्हाईक तो भाव देत नाही. नोव्हेंबरात ईशान्य मान्सून आला की बोटीही बंद आणि ऊनही नाही. यात आळस कुठे आला?

जोहोरवासी :
ते वाक्य माझेच आहे. १९७१ पासून भूमिपुत्रांसाठी, म्हणजे मलय आणि इतर मूळ रहिवाशांसाठी, आर्थिक धोरण आहे, १९८७ पासून अमानाह इख्तियार या संस्थेची गरिबांसाठी छोटी कर्जे आहेत. पावसाळा इथल्या चिनी व्यापाऱ्यालाही चुकत नाही, मग तोच कसा टिकतो?

क्वालालंपूरकर :
त्याच्याकडे शीतगृह असते म्हणून. शिवाय डिझेल आणि जाळी यांसाठी त्याने तांडेलाला आगाऊ पैसे दिलेले असतात, त्यामुळे चांगली मासळी आधी त्याच्याकडे जाते आणि माकचिकना उरलेली मिळते. कर्जाचा हप्ता आठवड्याचा आणि कमाई मोसमाची, हे गणित कसे जुळावे?

पेनांगची सून :
धंद्याचे राहू द्या, स्वच्छतेचे काय? रस्त्याकडेला उघड्यावर वाळवण, त्यावर माशा. एकदा बाजारातून आणलेल्या सुक्या मासळीला कीटकनाशकाचा वास आला, तेव्हापासून आमच्या घरी ती बंदच आहे. १९९३ मध्ये खाऱ्या मासळीला कर्करोगकारक ठरवले, तेही विसरू नका.

वेसाव्याची लेक :
ताई, ते वर्गीकरण चिनी पद्धतीच्या खाऱ्या मासळीचे आहे. सगळ्यांना एकाच पिंपात घालू नका. माझ्या आईने वलांडीवर, म्हणजे वाळवणाच्या मांडवावर, बोंबील वाळवून आम्हां तिघांना शिकवले, आणि आज समोरच्या इमारतीतले लोक वासाची तक्रार करतात. भूमिपुत्र हा शब्द आमच्याही वाट्याला आला, वाळवणाची जागा मात्र दर वर्षी आक्रसत गेली. उघड्यावर वाळवते म्हणून तिला घाणेरडी म्हणणाऱ्यांनी तिच्यासोबत एक दिवस उन्हात उभे राहावे.

पेनांगची सून :
तुमच्या आईंविषयी मी एक शब्दही काढलेला नाही. पण माझ्या ताटात काय येते, हे विचारण्याचा हक्क मला आहे.

क्वालालंपूरकर :
हक्क आहेच, आणि औषध फवारणाऱ्यांची बाजू मी घेणार नाही. जाळीचा, पारदर्शक छपराचा मांडव घातला की माशा आणि पाऊस दोन्ही आटोक्यात येतात. तो घालायला जागा आणि पैसा लागतो. मोठ्या दुकानात माल ठेवायचा, तर आरोग्य खात्याचे अन्नसुरक्षेचे मेस्टी प्रमाणपत्र आणि हलालची मोहोर मागतात. घरामागच्या अंगणात काम करणाऱ्या बाईने त्यासाठी वेगळी खोली कोठून बांधावी?

जोहोरवासी :
‘कष्टांची सवय नाही’ हे शब्द मागे घेतो. कर्जे घेऊनही पाच-सहा जणी एकत्र येऊन शीतपेटी का घेत नाहीत, हा माझा प्रश्न मात्र कायम आहे.

क्वालालंपूरकर :
तो प्रश्न रास्त आहे. आमच्या गल्लीत तिघी तयार झाल्या होत्या. पण पेटी कोणाच्या अंगणात ठेवायची आणि विजेचे बिल कोणी भरायचे, यावरच बोलणी मोडली. माकचिकचा मुलगा तोवर सिंगापूरला कामाला गेला होता, आणि दुपारी मासे उलटायला त्या एकट्याच उरल्या होत्या.