मदत हवी आहे: स्कॉटलंडच्या डोंगरांसाठी बूट पुण्यातून की तिथून?

भाची सप्टेंबरात एडिनबर्गला एमएससीसाठी चाललीय. अभ्यासाचं बघू, पण तिथला केली हा समूहनाच शिकायचा आणि बेन नेव्हिस चढायचा, हे पक्कं! उंची १३४५ मीटर, कळसूबाईपेक्षा कमीच. पण चढाई जवळपास समुद्रसपाटीपासून, आणि वर वसंतातही बर्फ. सिंहगड-राजगडला वापरलेले तिचे बूट मुरमावर छान, ओल्या कातळावर मात्र सटकतात. वॉटरप्रूफ बूट इथूनच न्यावेत का? बॅगेत कुकर आधीच घुसलाय (ताईपुढे कोण बोलणार). डिसेंबरात तिथे दिवस जेमतेम ७ तासांचा, मग तोवर सरावाला शहरातली २५१ मीटरची आर्थर्स सीट पुरेल का? तिकडे राहिलेल्यांनी कृपया सांगा.